शेंदराखालची अक्षरं

काडतूस चेंबरमध्ये अलगद बसलं आणि मी भागूबाईंना सांगून टाकलं, “न्या घेऊन. रायफल पास!”

एकोणीसशे तीसनंतरची ही गोष्ट. नाशिकला बंदुकांच्या दुकानात मी मिस्त्री होतो. भागूबाई त्र्यंबककडच्या. बिबट्याने त्यांची दोन वासरं नेली होती. सासऱ्यांच्या रायफलीचं लायसन्स त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या, नामदेवच्या नावावर झालं होतं, आणि आता तोच मचाणावर बसणार होता. तोही बरोबर आला होता.

रायफल कुठली, कधीची, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासरे दर दसऱ्याला पूजा करून नळीवर शेंदूर चढवत. त्या पुटांखाली अक्षरं पार बुजली होती.

“तेवढा खरवडू नका दादा,” बाई म्हणाल्या. “देव हाय तो आमचा.”

मग मी चेंबरमध्ये वितळलेला गंधक ओतला. तो थंड झाला की आतल्या मापाचा हुबेहूब ठसा निघतो. पाचशे बोअर, म्हणजे अर्ध्या इंचाची नळी. काडतुसाची केस तीन इंची. तसं काडतूस दुकानात होतंच. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

तेवढ्यात मालक आले. अब्बास उस्ताद. त्यांनी रायफलीचा बाहेरचा, जुन्या घडणीचा घोडा मागेपुढे करून पाहिला.

“शेंदराखाली काय लिहिलंय?”

“बाई नको म्हणाल्या. पण काडतूस बसतंय ना!”

“बसेल की. जुन्या-नव्या काडतुसांची केस एकच. आत दारू कुठली भरलीय?”

मी काडतुसांचं पाकीट पाहिलं. नवी दारू. जुन्या रायफली काळ्या दारूसाठी बनलेल्या. नव्या, बिनधुराच्या दारूचा जोर फार मोठा. ती जुन्या नळीत उडाली तर नळी फाटते, आणि झाडणाऱ्याचा गाल तिथेच टेकलेला असतो.

उस्तादांनी शेंदराला बोटही लावलं नाही. बाईंना खुर्ची दिली.

“ताई, देव तुमचा, हातही तुमचाच लागू द्या. पोराच्या जिवाचा सवाल आहे.”

बाईंनी एकदा नामदेवकडे पाहिलं, हात जोडले आणि तेलाचं फडकं मागितलं. पुटामागून पूट निघालं. बाई प्रत्येक पूट कागदात जपून ठेवत होत्या. उस्तादांनी भिंग धरलं. दारूचं वजन नीट कोरलेलं होतं. एवढं वजन म्हणजे काळीच दारू!

“वाह! काय हात असेल कारागिराचा,” उस्ताद म्हणाले. मला मात्र उस्तादांचंच कौतुक वाटत होतं. मला बाईंचा नकार हीच अडचण वाटली होती. उस्तादांनी तिच्यातूनच वाट काढली.

अशा जुन्या रायफलींसाठी कमी जोराची, हलक्या भाराची काडतुसं बनतात. मुंबईच्या डीलरकडे शोधाशोध करून एक पाकीट मिळालं. गावाबाहेरच्या खाणीत मायलेकांसमोर आम्ही पहिला बार रायफल ओंडक्याला बांधून, लांबून दोरी ओढून काढला. नळी शाबूत.

“आता खांद्याला लावून,” उस्ताद म्हणाले. “पास कुणी केली होती?”

“मी.”

“मग धर. गिऱ्हाइकाच्या आधी आपला गाल.”

मी गाल टेकवला आणि झाडली. समोर उभ्या केलेल्या फळीला भोक पडलं. मग उस्तादांनी रायफल नामदेवच्या हाती दिली. बाईंनी पदराने डोळे पुसले.

काडतूस बसतं का, एवढंच पाहायचं असेल तर मिस्त्री कशाला हवा?