चाळीस पत्त्यांवर एक कथा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परदेशी विद्यापीठांकडे अर्ज पाठवण्यासाठी मी कुंभकोणममधील इंटरनेट केंद्रात जात असे. दर गुरुवारी शेजारच्या संगणकावर गावातल्याच मेलकावेरी भागातले एक निवृत्त गृहस्थ बसत. तंजावरकडच्या आम्हा मराठी घरांतल्या जुन्या मराठीत ते कथा लिहीत, रोमन अक्षरांत टंकत आणि चाळीस परिचितांना ई-मेलने पाठवत. प्रत्येकाला वेगळे पत्र, वर त्याचे नाव, खाली वाचण्याची विनंती.

"सगळे पत्ते एकत्र घालता येतात, मामा. पाच मिनिटांचे काम आहे," मी म्हणाले.

"लग्नाचें निमंत्रण घरोघरीं जाऊन देतों कीं नाहीं, मा? कथेसही तसेंच बोलवावें," मुलींना प्रेमाने लावतात तो तमिळ 'मा' जोडून ते म्हणाले.

"उत्तरे येतात?"

"येतात. 'छान आहे' म्हणतात." ते पुढचा पत्ता टंकू लागले. "वाचलें कीं नाहीं, तें कळत नाहीं."

मी माझाही पत्ता दिला. आलेली कथा जवळच्या स्वामीमलैत धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या एका मूर्तिकाराची होती. ती दोनदा वाचून मी कळवले, की मातीच्या साच्यातले मेण वितळून निघण्याआधीच तुमचा मूर्तिकार त्यात धातू ओततो, आणि हे अशक्य आहे.

पुढच्या गुरुवारी मी संकोचानेच त्यांच्याशेजारी बसले. माझे पत्र छापून त्यांनी खिशात ठेवले होते.

"ती चूक मीं जाणून ठेविली होती," ते हळूच म्हणाले. "दर कथेंत एक ठेवतों. आजवर कोणीं धरिली नाहीं."

प्रयोग कसा रचावा, हे मी महाविद्यालयात शिकत होते. इतका एकाकी प्रयोग मात्र पाहिला नव्हता. तोवर त्यांनी नवी कथा उघडली आणि पहिल्या परिचिताचे नाव टंकायला घेतले.