मोहिमेच्या दारात हळदीकुंकू

सेतुमाधवराव अंबत्तूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायला होते. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. हॉटेलातली इडलीसुद्धा बोटानं दाबून बघत. निवडणूक जवळ आली की मतदारयादी काखेत मारून वेस्ट मांबलममधली आपली अख्खी इमारत पालथी घालत.

"काय हो राममूर्ती, वडील जाऊन सहा वर्षं झाली. ते अजून मत टाकतात काय? नाव काढायचा फॉर्म भरा, पा! आत्ता भरा, मी उभा आहे."

आणि खरंच उभे राहत. कॉफी दिली तर घेत, तीही उभ्यानंच.

यंदा त्यांनी अठराही दारांवर कागद चिकटवला होता: 'या घरातलं मत विकायचं नाही.' शुक्रवारी संध्याकाळी सहाला गच्चीवर सगळ्यांची शपथ होती. शपथेच्या प्रती काढून दुपारी ते घरी आले, तर टेबलावर तबक. विड्याची पानं, हळद, नारळ, खण, चांदीची कुंकवाची डबी. पानांखाली उमेदवाराचा फोटो, हात जोडलेला.

"हे काय, हो?"

"मागच्या गल्लीतली कल्पना आली होती की," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या. "सगळ्या घरी देऊन गेली. फोटो मी ती गेल्यावर बघितला."

"पक्षाची बाई ती! परत करा. रिजेक्ट!"

"शुक्रवारी सवाष्ण कुंकू घेऊन दारात आली, तिला नको म्हणू? ते कुंकू मी कुणाच्या नावानं लावते? सांगा की, कुणाच्या?"

सेतुमाधवरावांनी डबी उचलली, परत ठेवली. डबी घरात ठेवली तर सहा वाजता कुठल्या तोंडानं शपथ द्यायची? परत धाडली तर बायको महिनाभर बोलायची नाही. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"आता माझी मोहीम संपली," ते पुटपुटले.

"अय्यो, एवढ्यानं संपते होय तुमची मोहीम?" बाईंनी फोन उचलला. एकेक करून सतरा घरी बोलल्या. शेवटचा फोन कल्पनाला. "दिवेलागणीला ये, मा. आमच्याकडे पण हळदीकुंकू आहे."

कल्पना खुशीत आली. बाईंनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, आणि वर तीच चांदीची डबी.

"मामी, ही तर मीच..."

"ओटीला नको म्हणायचं नसतं, मा. तुझ्या घरी नाही काय शिकवलं?"

कल्पनानं निमूट पदर पुढं केला. बाहेर जिन्यात शेजारीण तबक घेऊन उभीच होती. तिच्यामागं आणखी एक. त्या संध्याकाळी कल्पनाला अठरा घरांचं हळदीकुंकू झालं, अठराही डब्या तिच्याच पदरात परत पडल्या. शेवटी ओटी पदरात मावेना, म्हणून कुणीतरी तांदळाचं रिकामं पोतं आणून दिलं.

गच्चीवर सेतुमाधवराव तीन पुरुषांसमोर सहापासून ताटकळत होते. साडेसातला सगळ्या बायका वर आल्या, कपाळं लालभडक, हात मोकळे. शपथ झाली.

सेतुमाधवराव खाली उतरले तर कल्पना पोत्यापाशी हताश उभी. त्यांनी पोतं उचलून तिच्या स्कूटरवर ठेवलं, दोरी आवळली, हलवून बघितली, पुन्हा आवळली.

"हळू चालवा, मा. नारळ जड आहेत," ते म्हणाले. "आणि ऐका, यादीत तुमचं नाव आहे की नाही, ते बघितलंत काय?"