वसुधाकाकू आणि मिसेस लिनची बरणी

वेस्ट विंडसरच्या वसुधाकाकू तीस वर्षं हॉस्पिटलात फार्मसिस्ट होत्या. रिटायर झाल्या, तरी लेबल वाचल्याशिवाय काही खात नाहीत. आमच्याकडे चहा घेतानाही दुधावरची तारीख बघतात, पण नजर चोरून, मला वाईट वाटू नये म्हणून.

ऑक्टोबरात चारुदत्तकाकांना दोनदा चक्कर आली. काकूंचा संशय थेट कुंपणापलीकडे गेला. तिथे मिसेस लिनचं हॉथॉर्नचं झाड आहे. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरतं आणि आता मोठ्या बोराएवढ्या लाल, ठिपकेदार फळांनी लगडलं होतं. मिसेस लिनने त्यांचा मुरंबा करून एक बरणी काकूंना दिली होती. या फळाने ब्लड प्रेशर उतरतं असं काकूंनी वाचलं होतं, आणि काका प्रेशरचीच गोळी घेत होते. म्हणून त्यांनी बरणी न उघडताच फडताळात ठेवली होती.

त्यांनी ती काढली. अर्धी रिकामी.

"अहो, हे कोणी खाल्लं?"

"अनया आली होती ना वीकेंडला," काकांनी लेकीचं नाव पुढे केलं.

"तिला फोन केला. तिने नाही खाल्लं."

"म्हणजे मला विचारायच्या आधीच?"

"हो."

काकांनी पेपर खाली ठेवला. "टोस्टला थोडासा लावतो. आवळ्यासारखा लागतो गं."

"कधी?"

"तू योगाला जातेस तेव्हा."

"म्हणजे रोज."

डॉक्टरांनी मुरंबा बंद करायला सांगितला. काकूंनी आठवडाभर रोज दोन वेळा प्रेशर मोजलं, काकांचे खिसेही तपासले. चक्कर थांबली.

उरलेला मुरंबा टाकून बरणी धुतली, पण रिकामी कशी परत करायची? लिंबाचं लोणचं भरून काकू शेजारी गेल्या. मिसेस लिनने बरणी उजेडात फिरवली, झाकण उघडून वास घेतला.

"यात मीठ किती? माझ्या नवऱ्याला किडनीचा त्रास आहे."

काकूंनी खरं ते सांगितलं. मिसेस लिनने झाकण घट्ट लावून बरणी त्यांच्या हातात परत दिली.

घरी येऊन काकू लोणचं काढून त्याच बरणीत साखर भरू लागल्या. "साखर चालते, विचारून आले. फार शहाणी बाई आहे हो. मी उगाच तिच्यावर संशय घेतला."

"मग तिचा मुरंबा…"

"नाही."