बरगड्या मोडणारी सून

हिमानीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. लग्न होऊन नागपूरहून काशीत मुन्शी घाटाजवळच्या घरात आली, तेव्हापासून सासरे बिंदुमाधवभट तिला ‘तोफ’ म्हणत. ते स्वतः तरी कुठे कमी होते! महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची अंत्यकर्मं चाळीस वर्षं मणिकर्णिकेवर केलेला माणूस. ओरडला की यजमान रडायचं विसरत. सासरा-सुनेची रोज सकाळी जुंपायची आणि मधे पडेल त्याला दोघं मिळून फाडून खायची.

त्या सकाळी ताम्हण घरंगळल्याचा आवाज आला म्हणून हिमानी देवघरात धावली. बिंदुमाधवभट आडवे पडले होते. डोळे पांढरे, श्वास नाही. त्यांचे थोरले भाऊ प्रल्हादकाका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन उघड्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालत होते. या घरानं शेकडो परक्यांना असंच पाणी पाजलं होतं. आपल्या भावाला कोरड्या तोंडानं कसं जाऊ द्यायचं?

“गेला गं माझा बिंदू,” काका म्हणाले. “रडू नकोस. काशीत गेला.”

हिमानीनं त्यांना खांद्याला धरून बाजूला ढकललं. सासऱ्यांचं तोंड वळवून पाणी सांडलं आणि दोन्ही हात छातीवर रोवून दाबायला लागली. नोकरीच्या बँकेतल्या प्रथमोपचार शिबिरात रबरी पुतळ्यावर शिकली होती. पुतळ्याची हाडं मोडत नव्हती. इथं तिसऱ्या दाबाला बरगडी कडाडली, मग दुसरी.

“अगं, प्रेताला मारतेस?” काकांनी तिची वेणी धरून मागे खेचली. तिनं मागे न बघता कोपर हाणलं. काकांचा ओठ फुटला, रक्त धोतरावर आलं.

“छोडिए, काका! सुशांत, ॲम्ब्युलन्स बुलाओ!”

नवरा रडत फोन लावत होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती थांबली नाही. हॉस्पिटलात तीनदा विजेचे झटके दिले. प्रत्येक झटक्याला देह पलंगावर आपटला. श्वासाची नळी घालताना डॉक्टरांनी घशातून चिमट्यानं एक हिरवं पान ओढून काढलं. मग हृदय चालू झालं. पण पाणी फुप्फुसात उतरलं होतं, तिथं न्यूमोनिया धरला.

सहाव्या दिवशी नळी निघाली आणि बिंदुमाधवभट जागे झाले ते मारामारी करतच. सलाईन उपटलं, नर्सच्या थोबाडीत दिली. हात पलंगाला बांधावे लागले. छाती का दुखते, असं त्यांनी दहादा विचारलं, तेव्हा काका म्हणाले, “सूनबाईनं छातीवर बसून बुक्के मारले.” आपण पाणी पाजल्याचं मात्र गिळून टाकलं.

“ही मला मारणार! निकालो इसको!” हिमानी दिसली की सासरे किंचाळायचे. एकदा तिच्या मनगटाला कडकडून चावले.

“काकांचं नाव काढू नकोस,” सुशांतनं हात जोडले. “लाजेनं मरतील ते.” तोफ गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि आतून जळत.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. छातीतला कफ सुटला नाही, तर उद्या सकाळी परत नळी, आणि या वेळी ती निघेल याची खात्री नाही. मोडलेल्या बरगड्यांवर उशी घट्ट दाबून धरायची आणि खोकायला लावायचं, दर तासाला. पण बिंदुमाधवभट काकांखेरीज कुणाला शिवू देत नव्हते. काकांनी उशी धरली. त्यांच्या म्हाताऱ्या हातांत जोर नव्हता, उशी घसरली. भावाचे ओठ निळे पडत चाललेले त्यांनी पाहिले आणि ते पलंगाशी खाली बसले.

“बिंदू, पाणी मी घातलं रे. तुझ्या छातीत सडतंय ते माझं पाणी. तू गेलास असं मला वाटलं. हिनं मारलं म्हणून तू आहेस, आणि मी हिचे केस उपटत होतो.”

बिंदुमाधवभटांचा सकाळीच एक हात मोकळा केला होता. त्या हातानं त्यांनी तिपाईवरचा गंगाजलाचा गडू उचलून भावाच्या अंगावर भिरकावला. तो काकांच्या कपाळाला लागला. काकांनी हातही आडवा घातला नाही.

“किती जणांना पाजलंय मी,” बिंदुमाधवभट घरघरत म्हणाले. “दादा... त्यातले किती जिवंत होते?”

पाणी फरशीवर पसरत राहिलं.

दाराशी उभ्या हिमानीकडे त्यांनी मान वळवली. तिच्या मनगटावर त्यांच्या दातांचे व्रण अजून काळेनिळे होते. त्यांनी ते मनगट धरलं, ओढून छातीवरच्या उशीवर ठेवलं.

“दाब.”

“दुखेल, बाबा.”

“मग नुसती काय उभी राहतेस, तोफे? हाडं मोडली तर मोडू देत. दाब!”

हिमानी रडत होती. तिनं दोन्ही हात रोवले आणि सगळा भार टाकला.