काटकोनातला तडा

नमुन्याबरहुकूम काम करायला माझी हरकत नसते. लोअर परळच्या गाळ्यात माझं पोट त्यावरच चालतं. कुणीतरी तुटका पार्ट टेबलावर ठेवतं, सेम टू सेम पाहिजे म्हणतं, आणि मी तसा करून देते. पण नमुनाच चुकलेला असेल तर मी अडून बसते. इंजिनिअर झाले ती काय फोटोकॉपी काढायला?

गेल्या वर्षी एक हौशी गृहस्थ आले. त्यांच्याकडे एकावर एक पंख असलेलं, फार जुनं विमान होतं आणि ते त्यांना पुन्हा उडवायचं होतं. इंजिनाचे रॉकर नवे करून हवे होते. रॉकर म्हणजे झडप दाबून उघडणारा लोखंडी हात. बागेतल्या सी-सॉसारखा तो मधल्या होलातून गेलेल्या दांड्यावर डुलतो.

मी जुने रॉकर धुतले, त्यांना लाल रंग लावून पुसला आणि वर पांढरी पावडर मारली. प्रत्येकावर बारीक लाल रेघ उमटली, म्हणजे तडा, आणि तोही एकाच जागी. हात जिथे मधल्या होलाभोवतीच्या गोलाला मिळतो, तिथे कोपरा सरळ काटकोनात सोडला होता. सगळा ताण तिथे येतो आणि तिथूनच तडा जातो. कोपऱ्याला गोलाई दिली की काम झालं. विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरलाही ते मान्य होतं. अडले ते मालक.

"डिझाइन पहिल्यापासून असंच आहे, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही इतिहास दुरुस्त करू नका."

'पहिल्यापासून असंच आहे' हे वाक्य मी घरात ऐकत वाढले आहे. माझे बाबा इथल्याच एका गिरणीत मागावर होते. एक दिवस मागावरून सूत घेऊन धावणारा टोकदार धोटा उडाला आणि त्यांच्या डोळ्यात बसला. तो डोळा गेला. विचारायला गेलेल्या आईला साहेबाने सांगितलं होतं, माग पहिल्यापासून असाच आहे. बाबा अजून मान तिरकी करून टीव्ही बघतात.

माझं डोकं फिरलं. विमान उडवणार कोण, असं मी विचारलं. मुलगी, ते अभिमानाने म्हणाले. मग मी स्पष्टच सांगितलं की हा कोपरा माझ्या हातून होणार नाही, दुसरं कुणी बघा.

ते जरा नरमले. गोलाईवाले रॉकर करा, पण एक तरी मूळ घडणीचा द्या, काचेच्या कपाटात ठेवीन, म्हणाले. इतक्या पटकन कबूल झाले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एकदा का तो रॉकर त्यांच्या हाती पडला, की कपाटातून इंजिनात जायला कितीसा वेळ लागणार? तरीही मी हो म्हटलं.

माल न्यायला बापलेक दोघं आले. वडिलांनी आधी काटकोनी रॉकरच उचलला, खुशीत फिरवून पाहिला आणि मध्येच थांबले.

"याला होल मारायचा राहिलाय."

"राहिला नाही," मी म्हटलं. "कपाटातल्या वस्तूला होल लागत नाही."

ते लालबुंद झाले. पुन्हा इथे पाय ठेवणार नाही म्हणाले. नका ठेवू, मी म्हटलं. मुलगी मात्र एकेका रॉकरच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत होती. मग तिने गोलाईवाले सगळे आपल्या बॅगेत भरले आणि बॅग वडिलांकडे न देता स्वतःच्या खांद्याला लावली.

रात्री लालबागला घरी आल्यावर जेवताना मी हे सगळं बाबांना रंगवून सांगितलं. आपण काय भारी केलं, याच तोऱ्यात मी होते. बाबांनी घास खाली ठेवला, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हा खंय होतंस गो तू?" ते म्हणाले.