खोक्यांची ट्रायल

माझ्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा आलेला आणि सगळ्यात कमी खरेदी केलेला माणूस कोण, असं कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन, आमच्या हिचे मामा! शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके पालथे घातले तरी या बाबतीत त्यांचा हात धरणारा सापडायचा नाही. शिरूरला माझं फ्रीज, वॉशिंग मशीन, कूलर, मिक्सर असल्या वस्तूंचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, दारं उघडून बघतं, घासाघीस करतं, चहा पितं आणि वस्तू टेम्पोत टाकून घेऊन जातं, असा आमच्या धंद्याचा साधा रिवाज. मामा यातलं दारं उघडणं आणि चहा पिणं एवढंच करत. बायकोचे सख्खे मामा पडले, त्यामुळे "बरं, या आता" म्हणायचीही सोय नाही. दर गुरुवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी सकाळीच कारेगावहून जीपनं निघून ते माझ्याआधी दुकानाच्या शटरपाशी हजर असायचे. मी कुलपात किल्ली घालतोय तोवर मागून आवाज यायचा, "जावईबापू, आज जरा फ्रीजच्या दाराचं बघायचं हाय. किती उघडतंय ते."

मामा रांजणगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते आणि सगळी हयात खोक्यात वस्तू बसवण्यात गेल्यामुळे त्यांना अख्खं जगच एक खोकं वाटायचं. लोक खिशाला पेन लावतात, मामा मेजर टेप लावायचे. त्यांच्या डब्यात भाकरी, भाजी, ठेचा आणि कांदा असे काही दाबून बसवलेले असत, की डबा हलवला तरी आतून आवाज येत नसे. आवाज आला तर ते डबा परत उघडून नव्यानं लावत. जीपमध्ये बसले की ड्रायव्हरच्या आधी हेच माणसं लावायला लागत. "आप्पा, तुम्ही तिरकं व्हा. ताई, पिशवी मांडीवर न्हाई, पायाखाली. आन् तुम्ही पाव्हणं, तुम्ही रुंदीला जास्त हायसा, तुम्ही दाराकडं." गंमत म्हणजे ते सांगतील तसं बसलं की सगळे आरामात बसत आणि वर एक माणूस जास्त मावे. त्यामुळे ड्रायव्हर लोक त्यांच्यावर फार खूश असत, पण रुंदीला जास्त असलेले पाव्हणे कारेगाव येईपर्यंत त्यांच्याकडे खाऊ की गिळू असं बघत असत.

आम्ही घरी सोफा घेतला तेव्हा हिनं मोठ्या कौतुकानं मामांना बोलावलं. मामा आले, सोफ्याकडं बघितलं, बसले मात्र नाहीत. टेप काढून आधी सोफा मोजला, मग दार मोजलं, मग जिन्याचं वळण मोजलं आणि मला म्हणाले, "आत कसा आला ते इचारत न्हाई. भाईर कसा जाईल ते सांगा." दौंडला एका लग्नात तर याहून कहर. मुलीच्या संसाराचं सामान टेम्पोत चढत होतं. मामांनी कपाट अर्ध्यात धरून ठेवलं आणि नवऱ्यामुलाच्या वडिलांना विचारलं, "आबा, तुमच्या खोलीची रुंदी काय?" व्याह्यांचं तोंड एवढंसं झालं, मुलीची आई कपाळाला हात लावून बसली, आणि मी आपला पंगतीत जिलबीकडं बघत राहिलो. ते कपाट पुढं व्हरांड्यातच राहिलं म्हणतात, पण त्या लग्नानंतर मामांना सामान चढवायला कुणी बोलावलं नाही.

आता असा माणूस साधा फ्रीज घ्यायला इतकी वर्षं का लावतो, हे मला आधी कळत नसे. कळलं ते कारेगावला त्यांच्या खोलीवर गेल्यावर. कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांची रांग, तिच्यातली एक खोली. वर पत्रा. आत ओटा, गॅस, पाण्याचं पिंप, पलंग, कपाट, आणि कपाट आणि दार यांच्यामध्ये एक कोपरा. एवढाच कोपरा रिकामा. त्याला दोन उमेदवार. मामींना शुगर, रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली ते टिकायचं नाही म्हणून मामी ते समोरच्या माडीवर घरमालकिणीच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. दुसरीकडं मामींची मनगटं गेलेली. मामांचे कारखान्यातले कपडे म्हणजे ग्रीस आणि धूळ, घासून घासून हात सुजायचे. फ्रीज घ्यावा तर तो मामींसाठी, मशीन घ्यावं तर तेही मामींसाठी, आणि कोपरा एकच. मामांचा जीव या दोन्हींच्या मध्ये अडकलेला. "एकच घ्यायचं, पन बरूबर घ्यायचं," असं ते दात आवळून म्हणत. मी म्हटलं, मामा, लहान फ्रीज घ्या, कपाटावर ठेवू. ते म्हणाले, "पत्र्याला चिकटून? त्यो सोताच तापंल, औषध काय गार करंल!" मी म्हटलं, मशीन बाहेर ठेवा. तर बाहेरची वाट सगळ्या भाडेकरूंची, तिथं चप्पलसुद्धा भिंतीला उभी करावी लागायची.

मामींना स्वतःला विचाराल तर त्यांचा कौल मशीनला. "औषधाचं काय, वर ठिवलंय की. मालकीण बाई चांगली हाय. हाताचं बघा माझ्या," असं त्या म्हणत. मामा मान हलवत आणि पुढच्या गुरुवारी फ्रीजचं दार बघायला हजर होत.

मग त्यांनी ट्रायल काढली. एका गुरुवारी आले आणि म्हणाले, "जावईबापू, रिकामं खोकं हाय का? मशीनचं." मला वाटलं, काही सामान बांधायचं असेल. मी दिलं. हा माणूस ते खोकं जीपच्या टपावर बांधून घेऊन गेला आणि कोपऱ्यात उभं केलं! आता महिनाभर या मशीनबरोबर राहून बघायचं, अडचण होते का, दार लागतं का, मामींना वाकायला जागा उरते का. खोकं म्हणून त्याच्याशी वागायचं नाही, मशीन म्हणूनच वागायचं. त्याच्यावर पिशवी ठेवायची नाही, त्याला टेकायचं नाही. शेजारच्या खोलीत बिहारचा एक कामगार राहायचा. तो दारातून बघून म्हणाला, "चाची, मशीन आ गया? मेरा भी दो पैंट डाल दो." मामा गंभीरपणे म्हणाले, "अभी नही. अभी ट्रायल चालू है." तो बिचारा आठवडाभर पँटी बाजूला काढून वाट बघत होता.

महिन्यानं मशीनचं खोकं परत आलं आणि फ्रीजचं गेलं. हे उंच खोकं दाराशी असं उभं राहिलं, की गावाकडून आलेले एक पाव्हणे त्यालाच नमस्कार करून आत शिरले. मामींनी मात्र त्याचं झाकण कापून आत कांदे-बटाटे भरले. मामा चिडले, "अगं, फ्रीजमदी कांदं ठिवत्यात व्हय?" मामी म्हणाल्या, "ह्यो फ्रीज न्हाई, खोकं हाय. आन् निदान ह्यात कांदं तरी ऱ्हात्यात, तुमच्या त्या मशीनमदी तर कायच ऱ्हात नव्हतं." पुन्हा मशीनचं खोकं. पुन्हा फ्रीजचं. माझ्या दुकानात खरा माल कमी आणि मामांच्या नावची खोकी जास्त अशी वेळ आली. त्यातून मामा दुकानात बसले की दुसऱ्या गिऱ्हाइकांना विचारायचे, "घरात जागा किती हाय?" एकदा नवीन लग्न झालेलं जोडपं मोठा दोन दारांचा फ्रीज घ्यायला आलं होतं. त्यांना मामांनी सुतळी देऊन घरी मोजायला पाठवलं! ते जोडपं परत आलं आणि लहान फ्रीज घेऊन गेलं. मी मामांवर असा भडकलो की त्या दिवशी चहाही मागवला नाही. मामांनी स्वतः जाऊन दोघांसाठी चहा आणला आणि म्हणाले, "रागावू नका. पोरगी तुम्हाला दुवा दील. रोज त्या फ्रीजला वळसा घालून चालायचं म्हंजी चेष्टा न्हाई."

शेवटी मामींच्या बाजूनं निकाल लागला. मामा म्हणाले, पुढच्या गुरुवारी मशीन न्यायचं. मीही निःश्वास टाकला आणि एक मशीन बाजूला काढून ठेवलं. त्याच आठवड्यात घरमालकीण तळेगाव ढमढेऱ्याला भाचीच्या लग्नाला गेली आणि घाईत माडीला कुलूप लावून गेली. मामींचं इन्सुलिन आत फ्रीजमध्ये. मामींनी कुणाला काही सांगितलं नाही. एखाद्या दिवसानं काय होतंय म्हणून त्या गप्प राहिल्या. तिचा लग्नाचा मुक्काम लांबला. मामा रात्रपाळी करून सकाळी आले तर मामी दाराच्या पायरीवर बसलेल्या, तांब्यानं पाणी पीत होत्या, पाणी संपत होतं आणि तहान भागत नव्हती, आणि मामांना बघून उठायला गेल्या तर पायात त्राण नाही. मामांनी त्यांना रिक्षात घातलं, रांजणगावच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मामांना चांगलंच फैलावर घेतलं. मी आणि ही धावत गेलो तेव्हा मामी जरा सावरल्या होत्या. हिनं रडत विचारलं, "मामी, निदान मामांना तरी सांगायचं!" मामी हळूच म्हणाल्या, "सांगितलं असतं तर मशीन ऱ्हायलं असतं अन् फ्रीज आला असता."

मामा भिंतीला टेकून उभे होते. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. गुरुवार नव्हता. अंगात कारखान्याचाच शर्ट, टेप खिशातच. एकही दार उघडून बघितलं नाही. "फ्रीज द्या. आत्ताच्या आत्ता," म्हणाले.

"आणि मामींचे हात?" मी विचारलं.

"कपडं मी धुतो."

मला हसू आलं, म्हणजे अगदी आलंच. मामा हसले नाहीत. टेम्पोत फ्रीजला हात लावून शिरूरपासून कारेगावपर्यंत मागं उभे राहिले. कोपऱ्यात फ्रीज असा चपखल बसला की मला वाटलं, आता तरी हा माणूस खूश होईल. तर त्यांनी मुकाट्यानं दार उघडलं, डॉक्टरांकडून आणलेलं इन्सुलिन आत ठेवलं, दार लावलं, पुन्हा उघडून बघितलं आणि मग पलंगावर बसले. मामी रुसून भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. "बाप्या मानसानं लुगडी धुवायची? लोक काय म्हन्तील?" मामा म्हणाले, "लोकांनी कवा इन्सुलिन आणून दिलंय का तुला?"

आणि खरंच, त्याच गुरुवारी मामा बादली घेऊन मालकिणीच्या गच्चीवर गेले. सगळ्या खोल्यांमधले बाप्ये बघायला आले. एक जण म्हणाला, "काय मामा, पॅकिंगमधनं लॉन्ड्रीत बदली?" मामा साबण लावता लावता म्हणाले, "व्हय. परमनंट!" आधी पांढरे, मग रंगीत, मग कारखान्याचे, अशी त्यांनी सगळी लाईनच लावली. साड्या वाळल्या की खोक्यात बसतील अशा घड्या घालत. सुरुवातीला मामी वर जाऊन नुसत्या चुका काढायच्या, "काठ घासा की, काठ." मग त्या चहा घेऊन वर जायला लागल्या. मग स्टूल घेऊन. माझं गुरुवारचं पहिलं गिऱ्हाईक मात्र कायमचं बंद झालं, आणि खरं सांगतो, शटर उघडताना मागून आवाज आला नाही की मला चुकल्यासारखं वाटायचं.

यंदा मामा रिटायर झाले आणि दोघं इनामगावला आपल्या घरी राहायला गेले. तिथं मोकळंढाकळं घर, मागं अंगण, पलीकडं घोड नदी. परवा मी आणि ही भेटायला गेलो. केवढ्या विचारानं घेतलेला तो फ्रीज त्या मोठ्या खोलीत एवढासा दिसत होता. अंगणात मामा कपडे धूत होते, मामी बाजेवर बसून बोलत होत्या. माझ्यातला दुकानदार जागा झाला. म्हटलं, "मामा, आता जागाच जागा आहे. मशीन पाठवून देतो, मला पडलं त्या भावात." मामांनी मामींकडं बघितलं. निकाल आता त्यांच्याकडं.

मामी म्हणाल्या, "नको हो जावईबापू. जलमभर ह्यांची पाळी रातची तवा मी जागी दिवसाची. बोलायला गावलं कवा? आता हे धुत्यात आन् मी बसते, तेवढ्यात सगळं बोलून व्हतं. मशीन आलं तर मी हितं बसू कशाला?"

मामांनी बादलीतून साडी काढली, एक टोक स्वतः घेतलं आणि दुसरं मामींपुढं केलं. मामींनी पिळायला जोर लावला तशी मामा ओरडले, "अगं, हाताला तरास व्हईल! पिळतो मी. तू निस्तं धर."

मामी दोन्ही हातांनी ते टोक धरून उभ्या राहिल्या.