सात मिनिटांची शाळा

माझ्या ताईला निवांत बसलेली पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. बेकरीत ती भट्टी सांभाळते, मी पुढे काउंटरवर असते. पावाचे ट्रे आत सरकवले की भाजायला अकरा मिनिटं लागतात. तेवढ्यात बाकीच्या बायका चहा पितात, मालकाची उणीदुणी काढतात. ताई मात्र ट्रे आत गेला रे गेला की मागच्या जिन्याने वर पळायची. वर आमची बिऱ्हाडं, आणि तिच्या खोलीत भावजी. दोन मिनिटं जायला, दोन यायला, हाती उरली सात. त्या सातात तिची शाळा भरायची.

भावजी गोदामात क्रेनचे इशारेवाले. क्रेनवाल्याला वरच्या केबिनमधून खालचं दिसत नाही, म्हणून खाली उभं राहून वॉकीटॉकीवर 'वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, थांब' असं सांगायचं, हे त्यांचं काम. बारा वर्षं सांगितलं. मग एका सकाळी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय महिन्याभरात पूर्ववत झाले, वाचा आली नाही. समजायचं सगळं, तोंडातून शब्द फुटायचा नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तासभर एकदम बसवू नका, दिवसातून थोडं थोडं, पण पुष्कळदा घ्या. ताईकडे तरी दुसरं काय होतं? कंपनीने आठ महिने जागा राखली होती. मग चाचणी. पाच शब्द नीट सांगता आले तर नोकरी, नाहीतर घरी.

दिवसातून नऊ वेळा भट्टी लागायची, ताईने एकही चुकवली नाही. तिसऱ्या महिन्यात 'वर' आला, सातव्यात पाचही. त्या दिवशी तिने मालकाला न विचारता सगळ्यांना गोड पाव वाटले, आणि मालकही मूग गिळून बसला.

चाचणीला चार दिवस होते. मी त्यांच्या मोरीत बादली लावली आणि थट्टेने म्हटलं, भावजी, भरली की सांगा हं. बादली भरली, वाहू लागली. भावजींचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या, आणि ते म्हणाले, "वर... खाली... डावीकडे... उजवीकडे... थांब."

माझे पाय चिंब झाले होते. मी हसले. दारात ताई उभी होती, ती हसली नाही.

घाईच्या सात मिनिटांत तिने शब्द रोज त्याच क्रमाने घोकून घेतले होते, पाढ्यांसारखे. आता चार पायऱ्या चढल्याशिवाय त्यांना पाचवी सापडत नव्हती.

"बादली होती म्हणून पायच भिजले," ताई म्हणाली. "डोक्यावर पेटी लोंबत असती तर?"

पुढचे चार दिवस मला आठवायलाही नको वाटतात. ताई वर जायची ती एकच शब्द घेऊन, तोही रोजच्या क्रमाने नाही. टेबलाच्या कडेकडे भांडं सरकवायची आणि त्यांनी 'थांब' म्हणेपर्यंत हात थांबवायची नाही. भांडी पडत राहिली. एकदा भावजींनी स्वतःच तांब्या भिरकावला. खाली दोन ट्रे कोळसा झाले. मालकाने बजावलं, तिसरा जळला तर तुझं तू बघ. मग भट्टीपाशी मी उभी राहायला लागले, मनगट भाजून घेतलं. तिसऱ्या संध्याकाळी 'थांब' एकटा आला. दहातून सात वेळा यायचा, तीन वेळा अडकायचा.

मी ताईला म्हटलं, चाचणीपुरतं जमलं तरी बस झालं, पुढचं पुढे. ती काहीच बोलली नाही. ताई गप्प राहिली म्हणजे तिला पटलेलं असतं. मलाही तेव्हा हे शहाणपणाचंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

चाचणीला मुकादम कागद घेऊन उभा होता, शेजारी कंपनीचे डॉक्टर. आम्ही दोघी भिंतीला चिकटून. क्रेनने एक रिकामी लाकडी पेटी उचलली. खाली एक हमाल दोरीने ती सावरत होता. भावजींनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. वर. डावीकडे. परत वर. उजवीकडे. एकेक शब्द सुटा, ठणठणीत. मग खाली. पेटी हमालाच्या डोक्याच्या दिशेने उतरू लागली. भावजींचे ओठ हलले, आवाज आला नाही. ताईने माझं भाजलेलं मनगट घट्ट धरलं आणि मी हूं की चूं केलं नाही.

"थांब."

पेटी थांबली. हमालाला मान वाकवावी लागली होती, पण तो दोरी सोडवत बसला. मुकादमाचं लक्ष कागदाकडे होतं. डॉक्टर म्हणाले, छान. ताईने पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. दोघींनी तोंड उघडलं नाही.

मुकादमाने सहीसाठी पेन पुढे केलं. भावजींनी ते घेतलं नाही. ते त्या हमालाकडे बघत राहिले.

"नको," ते म्हणाले.

मुकादमाला वाटलं शब्द चुकला. त्याने समजुतीने पुन्हा पेन पुढे केलं, काका, पास झालात, सही करा.

"नको. मरेल कुणी."

मुकादमाने डॉक्टरांकडे पाहिलं, मग कागद घडी करून खिशात ठेवला. बारा वर्षांची नोकरी तिथेच गेली. ताई मटकन खाली बसली आणि सगळ्यांदेखत रडायला लागली. मी तिला धरलं.

"हे मी नव्हतं गं शिकवलं," ती म्हणाली.